बोल्ट सैल केल्यावर

भिवंडीत धामणकर नाक्यावरून आत वळलं की चहूकडून लूमचा खडखडाट सुरू व्हायचा. त्या आवाजात तात्या लेल्यांचा कारखाना नव्या माणसाला पटकन सापडत नसे. पत्र्याची लांबट शेड, सात माणसं, दोन लेथ, एक शेपर, एक ड्रिल, एक मिलिंग मशीन आणि सगळ्यात मागे भिंतीलगत एक जुना प्लेनर. प्लेनरचं हत्यार जागच्या जागी असतं आणि खालचं लांबलचक टेबल त्यावर बांधलेल्या कामासकट पुढे-मागे जात राहतं. दर फेरीला लोखंडाचा एक पातळ थर सुटतो. हे मशीन अकरा वर्षं हिरामण भोईर चालवत होता. वळ गावचा माणूस, चाळिशी ओलांडलेला. सकाळी सायकलवरून यायचा आणि दिवसभरात मोजून दहा वाक्यं बोलायचा.

विद्युल्लता ही तात्यांची सख्खी पुतणी. सत्त्याऐंशी साली ती मेकॅनिकलचा डिप्लोमा घेऊन बाहेर पडली. वर्गात दोनच मुली होत्या. दुसरीनं लगेच बँकेच्या परीक्षा द्यायला घेतल्या. विद्युल्लतेला मात्र कारखान्यातच काम करायचं होतं. तात्यांना मूलबाळ नव्हतं, आणि मापं तपासायला विश्वासाचं माणूस हवंच होतं. त्यांनी तिला एक टेबल दिलं, एक कुलपाचं कपाट दिलं, त्यात मायक्रोमीटर आणि काट्याचा डायल गेज ठेवले, आणि सगळ्यांना सांगितलं की आजपासून माल हिच्या सहीनं बाहेर जाईल. हिरामणनं फक्त मान हलवली.

वर्षभर सगळं सुरळीत चाललं. अठ्ठ्याऐंशीच्या दिवाळीनंतर ठाण्याच्या एका कंपनीकडून आलेल्या पट्ट्यांनी घोळ घातला.

ही कंपनी लूमसाठी ताणा, म्हणजे उभं सूत, भरायची मशीनं बनवायची. त्या मशीनमध्ये एक गाडा चार फुटी लोखंडी पट्टीवरून सरकतो. पट्टी सपाट नसेल तर गाडा अडखळतो आणि सूत तुटतं. म्हणून पट्टीत बाक चालायचा तो फार तर पाच शतांश मिलिमीटर, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीहूनही कमी. आधीची तीन वर्षं कंपनी काळी पट्टी पाठवायची, गरम असताना लाटलेली, वर खपली धरलेली. हिरामण ती दोन्ही अंगांनी छिलायचा आणि माल बिनबोभाट जायचा. दिवाळीनंतर कंपनीनं माल बदलला. आता चकचकीत ब्राइट बार येऊ लागले. ते थंडच ओढून काढलेले असतात, त्यामुळे तीन बाजू आधीच मापात असतात. चौथी तेवढी छिलायची, की काम झालं. कंपनीच्या साहेबांना वाटलं, निम्मं काम वाचलं. तात्यांनाही तसंच वाटलं.

पहिल्या आठवड्यातच हिरामण तात्यांकडे जाऊन म्हणाला की ही पट्टी जिवंत हाय, ती गप पडून राहत न्हाय. तात्यांनी ऐकून घेतलं आणि विसरून गेले. विद्युल्लतेच्याही कानावर ते गेलं होतं. जुन्या माणसांना नवा माल आवडत नाही, इतकाच अर्थ तिनं त्यातून काढला.

वीस पट्ट्यांची पहिली खेप गेली आणि अकरा परत आल्या. दुसऱ्या खेपेला विद्युल्लतेनं प्रत्येक पट्टी स्वतः सरफेस प्लेटवर ठेवून पाहिली. ही बिडाची जाड, आरशासारखी सपाट केलेली लादी. तिच्यावर काम ठेवायचं आणि खाली कुठे फट राहते का ते पातळ पात्या सरकवून बघायचं. वीसच्या वीस पट्ट्या शनिवारी सपाट होत्या. तिनं प्रत्येकीच्या टोकाला आपलं अक्षर ठोकलं आणि कागदावर सही केली. बुधवारी त्यातल्या नऊ पट्ट्या तिचं अक्षर मिरवत परत आल्या. मागोमाग फोन आला. कंपनीच्या साहेबांनी तात्यांना हसत हसत विचारलं, की तपासणीला घरातलीच मुलगी बसवली आहे का, आणि तिला गेज धरता येतो का. तात्यांनी फोन ठेवल्यावर शब्दन् शब्द पुतणीला सांगितला. न सांगता राहिले असते तर बरं झालं असतं, असं त्यांना नंतर वाटलं.

परत आलेल्या पट्ट्या विद्युल्लतेनं पुन्हा लादीवर ठेवल्या. छिललेली बाजू वर ठेवली की दोन्ही टोकं टेकत आणि मधोमध खालून उजेड दिसे. शनिवारी हा उजेड नव्हता. तिनं गेज तपासला, लादी पुसली, पुन्हा मोजलं. आकडा बदलेना. मग तिच्या मनात आलं की आपल्याला दाखवलेला माल आणि पाठवलेला माल एक नसावा. पण टोकावर तिचंच अक्षर होतं.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीपेक्षा तासभर आधी, सातला, कारखान्यात पोचली. हिरामण आलेला होता. मागच्या कोपऱ्यातल्या हातानं फिरवायच्या प्रेसखाली त्यानं एक पट्टी घेतली होती. दोन टोकांखाली लाकडाचे ठोकळे, वरून स्क्रूचा दाब. तो दाब देई, पट्टी काढी, डोळ्यासमोर धरून नजर टाकी आणि पुन्हा खाली घेई. बाजूला सरळ केलेल्या सहा पट्ट्या ओळीनं मांडलेल्या होत्या.

ती तिथेच उभी राहिली. एकेक करून बाकीची माणसं आली, कपडे बदलू लागली, आणि तिला तशी उभी पाहून थांबली.

"हे रोज चालतं का?" तिनं विचारलं.

"हाय तसंच," हिरामण म्हणाला. "टेबलावर बांधलेली असते तवर सपाट असते. बोल्ट सैल केले की वाकते. मी सरळ करतो आणि तुमाला देतो."

"म्हणजे काम वाकडं करायचं, मारून मुटकून सरळ करायचं, आणि माझ्यापुढे ठेवायचं. चार दिवसांनी ते परत वाकतं आणि सही माझी असते."

"काम वाकडं न्हाय, ताई. पट्टी वाकते."

"लोखंड आपोआप वाकत नाही, हिरामणदादा. याला फसवणूक म्हणतात."

हा शब्द तिनं आधी ठरवला नव्हता. तो निघाला आणि शेडभर ऐकू गेला, कारण मशीनं अजून सुरू झाली नव्हती. हिरामणनं प्रेसखालची पट्टी काढून ओळीत सातवी ठेवली. हात पुसले. पाने त्यांच्या त्यांच्या खिळ्यांना अडकवले, कामाचा सदरा काढून घडी केली, ती पिशवीत टाकली आणि सायकल घेऊन गेला. तात्या त्या दिवशी कल्याणला गेले होते. दुपारी परतल्यावर त्यांना सगळं कळलं. ते एवढंच म्हणाले, की अकरा वर्षांत हा माणूस एकदाही न सांगता घरी गेला नव्हता.

विद्युल्लतेला वाटत होतं की तो सोमवारी येईल. तो आला नाही. त्याच्या जागी तात्यांनी कल्याणहून केसरीनाथ नावाचा कारागीर आणला. तिशीचा, हुशार, मोठ्या कारखान्यात काम केलेला. त्यानं पहिल्या दिवशी तीन पट्ट्या छिलल्या. तिन्ही वाकल्या. त्यानं प्रेसकडे पाहिलंही नाही, सरळ तिच्या टेबलाशी येऊन म्हणाला, "मॅडम, मटेरियलच असं आहे. हवं तर समोर उभ्या राहून बघा."

ती उभी राहिली. चौथी पट्टी छिलून झाली तेव्हा ती टेबलाला सहा बोल्टांनी जखडलेली होती. विद्युल्लतेनं डायल गेजची टोकणी पट्टीच्या मधोमध टेकवली आणि टेबल पुढे-मागे फिरवलं. काटा शून्यावरून हलला नाही. मग तिनं केसरीनाथला बोल्ट सोडायला सांगितलं, एकेक करून. पहिला सुटला, दुसरा सुटला. तिसऱ्याला काटा हलला. सहावा सुटेपर्यंत तो चाळीस शतांशांवर गेला होता, आणि पट्टीला कुणी हात लावला नव्हता.

ती टेबलाशी परत येऊन बसली. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षातलं एक प्रकरण तिला आठवत होतं, पण नेमकं नाही. घरी जाऊन पुस्तक काढलं. पान सापडलं. थंड ओढलेल्या लोखंडाच्या सालीत ताण उरतो, गाभा त्याला उलट रेटून धरतो, आणि दोघांचं जमलेलं असतं तोवर दांडा सरळ दिसतो. एका अंगाची साल काढली की समतोल मोडतो आणि उरलेली साल दांड्याला आपल्याकडे ओढते. या प्रश्नाला तिला परीक्षेत दहापैकी नऊ गुण मिळाले होते. आकृती तिनं रंगीत पेन्सिलीनं काढली होती.

तरी तिला डोळ्यांनी बघायचं होतं. सकाळी तिनं कोऱ्या ब्राइट बारचा फूटभर तुकडा कापून घेतला आणि ड्रिलवरच्या पंढरीला तो हातकरवतीनं उभा, मधोमध चिरायला सांगितला. पंढरीनं पाऊण दिवस त्यात घालवला. करवत जसजशी खाली गेली तसतशी वरची दोन टोकं एकमेकांपासून लांब होत गेली. शेवटी तुकडा सुटला तेव्हा दोन्ही चिरफळ्या बाहेरच्या बाजूला वाकल्या होत्या. सगळे बघायला जमले. पंढरी म्हणाला, "हिरामण हेच सांगत होता." आणि आपल्या मशीनकडे गेला.

त्या रविवारी विद्युल्लता रिक्षानं वळला गेली. भात कापून झालं होतं, खाचरांत वालाचे वेल चढले होते. हिरामणचं घर विचारायची वेळ आली नाही. रस्त्याकडेलाच तो कुणाच्या तरी पाण्याच्या पंपाचं इंजिन उघडून बसला होता. तिला पाहून उठला, हात धुतले आणि घरात चला म्हणाला. त्याची बायको कमळा हिनं पाट मांडला, चहा आणला, आणि दारातच उभी राहिली. ती आत गेली नाही.

विद्युल्लतेनं सगळं सांगितलं. काटा कसा हलला ते, करवतीनं चिरलेला तुकडा कसा फाकला ते. पट्टी वाकते हे खरं होतं, तुम्ही खरं बोलत होता, मी चुकले, असं स्पष्ट म्हणाली. ते म्हणायला तिला जड गेलं, पण वाटलं होतं तितकं नाही.

हिरामणनं ऐकून घेतलं. मग तो म्हणाला, "मना ठाऊक हाय की पट्टी वाकते. तुमाला न्हवतं ठाऊक, आता झालं. पर हे तुमी वळला येऊन सांगता. तो शब्द कुठं बोलला होता?"

"शेडमध्ये," ती म्हणाली.

"तिथं सहा माणसं होती," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "त्यातली दोन आमच्याच गावाकडची. गावात सगळ्यांना म्हाईत हाय."

चहा संपवून ती निघाली. निघताना कमळानं तिला वालाच्या शेंगांची पुडी दिली, कारण घरी आलेल्या माणसाला रिकाम्या हातानं पाठवायची तिथे पद्धत नव्हती.

सोमवारी साडेसातला, मशीनं सुरू व्हायच्या आधी, विद्युल्लतेनं सगळ्यांना थांबायला सांगितलं. तात्याही होते. तात्यांना आदल्या संध्याकाळी तिनं कल्पना दिली होती. त्यांचं म्हणणं पडलं होतं की एवढं करायची गरज नाही, मी त्याला समजावतो, कारखान्यात मालकाच्या माणसानं असं बोललं की वचक राहत नाही. तिनं ते मानलं नाही. ती म्हणाली, "त्या दिवशी मी हिरामणदादांना फसवणूक करता असं म्हणाले. ते खोटं होतं. पट्टीत ताण आहे म्हणून ती वाकते. हे मी शिकलेली होते आणि मला ओळखता आलं नाही. त्यांनी ते न शिकता ओळखलं होतं. त्यांनी पट्टी सरळ केली ती लपवायला नाही, माल जावा म्हणून." कुणीतरी खाकरलं. केसरीनाथ जमिनीकडे बघत होता. मग शेपर सुरू झाला आणि त्याच्या आवाजात बाकीची मशीनं एकामागून एक मिसळली.

निरोप पोचवायला वळची दोन माणसं होतीच. हिरामण तिसऱ्या दिवशी आला, आपल्या नेहमीच्या वेळेला. केसरीनाथ तोवर मिलिंगवर गेला होता. हिरामणनं प्लेनरच्या टेबलावरचा चुरा झाडला आणि विद्युल्लतेला विचारलं, आता करायचं काय.

करायचं काय हे पुस्तकात लिहिलेलं होतं. दोन्ही अंगांनी आधी जाडजाड छिलून घ्यायचं, मग सगळं लोखंड साडेसहाशे अंशांपर्यंत तापवायचं, हळूहळू निववायचं, आणि मग शेवटचा हात फिरवायचा. तापवल्यानं ताण सुटतो. पंचाईत अशी, की ठाण्यातल्या ज्या भट्टीवाल्याकडे तात्यांची ओळख होती त्याच्या भट्टीत चार फुटी माल मावत नव्हता. विद्युल्लता दोन दिवस फोन करत होती. हिरामणनं ते ऐकलं आणि म्हणाला की त्याचा मेहुणा रामनाथ, याची पडघ्याला वीटभट्टी आहे. पेटवली की आठवडाभर जळते आणि पुढचा आठवडा निवत नाही. वरच्या थरात आच कमी असते, तिथल्या विटा पुरत्या भाजतही नाहीत.

विद्युल्लतेला वाटलं, ही चेष्टा आहे. मग तिनं हिशेब केला आणि तिला ते जमण्यासारखं दिसलं. अडचण एकच: आत किती तापलं हे कळणार कसं? त्यावर तिनं तोड काढली. अ‍ॅल्युमिनियम साडेसहाशेच्या थोडं वर वितळतं. त्याच्या तारेचे तुकडे छोट्या नळ्यांत घालून पट्ट्यांशेजारी ठेवायचे. तार वितळलेली सापडली, तर आच पोचली.

रामनाथ आधी तयार नव्हता. विटांच्या मध्ये लोखंड घातलं की थर बसतो आणि भट्टी ढासळते, असं त्याचं म्हणणं होतं. हिरामणनं त्याला कसं वळवलं ते विद्युल्लतेला कळलं नाही. दोघं भट्टीच्या पलीकडे जाऊन अर्धा तास बोलले आणि परत आल्यावर रामनाथनं फक्त एवढं सांगितलं, की भट्टी उतरेपर्यंत मधून काही काढायचं नाही. तात्यांनी कंपनीकडून दोन महिन्यांची मुदत मागून घेतली.

पहिल्यांदा आठ पट्ट्या घातल्या. अठरा दिवसांनी भट्टी उतरली तेव्हा विद्युल्लता आणि हिरामण दोघंही तिथे होते. पट्ट्यांवर काळा पापुद्रा आला होता. एक सोडून सगळ्या नळ्यांतली तार वितळून थेंब झाली होती. पण तीन पट्ट्या झोक्यासारख्या खाली झुलल्या होत्या. खालच्या विटा बसल्या, आधार गेला आणि तापलेलं लोखंड आपल्याच वजनानं वाकलं. हिरामण त्या तीन पट्ट्यांकडे बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला की पुढच्या वेळी लोखंडी पन्हळीत वाळू घालू आणि वाळूत पट्ट्या पुरू.

उरलेल्या पाच त्यानं छिलल्या. शेवटच्या पट्टीच्या वेळी त्यानं पाना विद्युल्लतेच्या हातात दिला. तिनं सहाही बोल्ट स्वतः सोडले. काटा दोन शतांशांवर गेला आणि थांबला. तिनं पट्टी लादीवर ठेवली, आठ दिवस तशीच राहू दिली आणि रोज सकाळी मोजली. ती दोनावरच राहिली. प्रेसला कुणी हात लावला नाही.

वाळूतली वीसची खेप मार्चअखेर भट्टीतून आली. वीसही सरळ. कंपनीचे साहेब या वेळी स्वतः भिवंडीला आले, पट्ट्या पाहिल्या आणि माल कुठे तापवला ते विचारलं. तात्या सांगायला कचरत होते. विद्युल्लतेनं सांगितलं, पडघ्याच्या वीटभट्टीत, आणि युक्ती आमच्या प्लेनरवाल्याची. साहेब हसले. मग हिरामणकडे जाऊन त्याला काहीतरी विचारू लागले, आणि हिरामण प्लेनर न थांबवता त्यांना उत्तरं देत राहिला. त्या जूनपासून कंपनीनं पुन्हा काळी पट्टी पाठवायला सुरुवात केली; ती गरम लाटलेली, तिच्यात असा ताण उरत नव्हता.

हिरामणनं आणखी चार वर्षं काम केलं. त्या काळात विद्युल्लतेचं त्याच्याशी पहिल्यापेक्षा जास्त बोलणं होई, पण ते कामाचंच. वळच्या कुठल्या लग्नाचं, कुठल्या सणाचं आमंत्रण त्यानं तात्यांना दिलं, तिला वेगळं कधी दिलं नाही. ती तात्यांबरोबर जात असे आणि कमळा तिला बसायला पाट देत असे. त्याच्या मनात काय उरलं होतं ते तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं नसतं, इतकं एव्हाना तिला कळत होतं.

त्र्याण्णवमध्ये वळला गोदामं उठायला लागली. हिरामणच्या भावांनी खाचराची जमीन गोदामासाठी दिली आणि तिथल्या देखरेखीला घरचं माणूस हवं म्हणून त्याला बोलावलं. त्यानं महिनाभर आधी तात्यांना सांगितलं. त्या महिन्यात त्यानं केसरीनाथला प्लेनरवर घेतलं, कुठल्या मालाला किती थर काढायचा, कुठला आधी उलटायचा, कुठला छिलून रात्रभर सैल ठेवायचा, हे सगळं दाखवलं. विद्युल्लता शेजारी स्टुलावर बसून ते वहीत उतरवून घेत होती. तो मध्येच थांबून विचारी, "लिवलं का?" ती हो म्हणे आणि तो पुढे जाई.